धुऱ्यावरचा फॉरवर्ड

आमच्याकडे फुटबॉलचा हंगाम धानाच्या कापणीवर ठरतो. दिवाळीच्या आगेमागे हलका धान निघतो, मग भारी धान. पुंजणी रचली जातात, चुरणं होतं आणि डिसेंबर सरता सरता कुरखेड्याच्या भोवतालच्या बांध्या मोकळ्या पडतात. सगळ्याच नाही. उभ्या धानातच ज्यांनी खालच्या ओलीवर लाखोरी किंवा जवस फेकलेला असतो, त्यांच्या बांध्या हिरव्या होऊन बसतात आणि तिथे पाय टाकला तर शिव्या ठरलेल्या. उरलेल्या बांधीत पोट्टे उतरतात. या टोकाला दोन चपला, त्या टोकाला दोन चपला, म्हणजे झाले गोल. धुरा म्हणजे बाजूची रेषा.

बांधीत फुटबॉल खेळणं हा प्रकार बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. कापलेल्या धानाचे खुंट बोटभर उंच आणि सुकले की खिळ्यासारखे टोकदार. अनवाणी पाय सोलतो, चप्पल घातली तर ती चेंडूच्या आधी गोलात जाते. चेंडू सरळ जातच नाही. खुंटाला लागून कुठेही वळतो, म्हणून पोट्ट्यांची नजर पायाशी खिळलेली. चेंडू फुटला की ब्लॅडर काढून सायकलवाल्याकडे. तो सायकलच्या ट्यूबचं ठिगळ डकवून देतो. मग त्या चेंडूला एका बाजूने जडपणा येतो आणि हवेत तो डुगत जातो. आमच्या पोट्ट्यांना ते ठिगळ कुठल्या अंगाला आहे हे पाठ असतं.

हा चेंडू आला कुठून, तेही सांगितलं पाहिजे. २०१७ साली १५ सप्टेंबरला राज्य सरकारने ‘मिशन वन मिलियन’ या नावाने एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवायचं ठरवलं. पुढच्याच महिन्यात सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात व्हायचा होता, त्यातले काही सामने नवी मुंबईत. शाळाशाळांतून चेंडू वाटले गेले. भर पावसाळा, बांध्यांत गुडघाभर धान, त्यामुळे आमच्या पोरांनी शाळेच्या आवारातल्या चिखलात चेंडूला पाय लावला, फोटो निघाले, आणि चेंडू कपाटात गेला. तो बाहेर यायला जानेवारी लागला. मी तेव्हा मास्तरकी करत होतो, कपाटाची चावी माझ्याकडे होती.

बांधीत खेळून काय येतं आणि काय येत नाही, हा या लेखाचा खरा विषय आहे. विषयाचं नाव मात्र अनिकेत जाधव. कोल्हापूरचा, १३ जुलै २००० चा जन्म, जागा फॉरवर्डची.

तो माझ्यापर्यंत आला मोबाइलवरून. मंडईच्या जत्रेच्या दिवसांत रात्रभर नाटक बघून जागलेली चार पोट्टी सकाळी पारावर बसून एका फोनमध्ये डोकी घालून होती. भारताचा निळा शर्ट घातलेला एक पोरगा गोलाकडे पळत होता. वर्णनात त्याचं नाव ऐकू आलं आणि आडनावावरून पोट्टी चपापली. जाधव? म्हणजे आपल्यातला? एकाने विचारलं, “सर, हा कोठचा व्हय जी?” मी म्हटलं, कोल्हापूरचा. तो म्हणाला, “मंग लगित दूर आहे.”

दूर तर आहेच. गंमत अशी की हे अंतर जवळजवळ एकाच गाडीने जोडलेलं आहे. कुरखेड्याहून एसटीने वडसा गाठायचं. गडचिरोली जिल्ह्याला वर्षानुवर्षं रेल्वे म्हणून जे काही ठाऊक होतं ते एवढंच एक स्टेशन. तिथून पॅसेंजरने गोंदिया, आणि गोंदियाहून महाराष्ट्र एक्सप्रेस. ती नागपूर, वर्धा, अकोला, भुसावळ, मनमाड, पुणे, सातारा, मिरज करत दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला पोचते. तेराशेहून जास्त किलोमीटर, आणि राज्याची हद्द एकदाही न ओलांडता. पोट्ट्यांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना गाडीचंच अप्रूप जास्त वाटलं.

अनिकेतची गोष्ट वर्तमानपत्रांनी २०१७ साली एका साच्यात घालून ठेवली: रिक्षाचालकाचा मुलगा विश्वचषकात. खोटं त्यात काही नाही, वडील रिक्षा चालवायचे हे खरंच आहे. त्या संघातल्या बहुतेक पोरांची गोष्ट अशीच होती. मणिपूरच्या कर्णधार अमरजितसिंगची आई मासळी विकायची, सिक्कीमच्या कोमल थाटलचे आईवडील शिवणकाम करायचे. पण या साच्याने आपली फसगत होते. वाचणाऱ्याला वाटतं, गरिबी हा अडथळा होता आणि जिद्दीने तो ओलांडला. तेवढंच असतं तर आमच्या तालुक्यातून दरवर्षी एक फॉरवर्ड निघाला असता. गरिबी आणि जिद्द दोन्ही इथे मुबलक पिकतात. अनिकेतकडे एक गोष्ट होती जी रिक्षाच्या मथळ्यात मावत नाही: तो कोल्हापुरात जन्मला होता.

कोल्हापूर म्हणजे काय, हे विदर्भातल्या वाचकाला थोडं सांगायला हवं. तिथे फुटबॉल पेठांचा आहे. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी. नावांतच दिसतं की मूळ कुस्तीच्या तालमी. लाल मातीतल्या पोरांनी संध्याकाळी चेंडू धरला आणि तालमीचं नाव तसंच राहिलं. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या देखरेखीखाली शाहू स्टेडियमवर हंगामभर सामने चालतात आणि पेठेचा सामना असला की गॅलरी भरते. पाटाकडील विरुद्ध प्रॅक्टिस म्हटलं की पोलिसांना बंदोबस्त लावावा लागतो. या भांडणांबद्दल कोल्हापूरकर नाराजीने बोलतात. मला हेवा वाटतो. आमच्याकडे माणसं रात्रभर जागतात ती झाडीपट्टीच्या नाटकासाठी. वडशाच्या नाटक कंपन्या दिवाळीनंतर गावोगाव फिरतात, पंचक्रोशी बैलगाड्या आणि ट्रॅक्टर भरून येते. त्यामुळे आमच्याकडे पोरगा शाळेत असतानाच नट होतो, ढोलकी वाजवतो, स्त्रीपार्टीची साडी नेसायला शिकतो. ज्या गावात जे गर्दी बघते, ते त्या गावची पोरं शिकतात.

म्हणजे दहा-बारा वर्षांचा पोरगा कोल्हापुरात फुटबॉल नुसता खेळत नाही, तो पूर्ण आकाराच्या मैदानावर, जाळी असलेल्या गोलाचा, अकरा विरुद्ध अकराचा खेळ आठवड्यातून दोनदा डोळ्यांनी बघतो. इथे मला जरा थांबून ऑफसाइडबद्दल बोलायचं आहे, कारण फॉरवर्ड घडतो तो तिथे.

नियम थोडक्यात असा. साथीदार चेंडू पुढे ढकलतो त्या क्षणी तुम्ही समोरच्या अर्ध्यात, चेंडूच्याही पुढे आणि समोरच्या संघाच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या पलीकडे असाल, तर तुम्ही ऑफसाइड. शेवटचा बहुधा गोलकीपर असतो, म्हणजे व्यवहारात शेवटच्या बचावपटूच्या पुढे जायचं नाही. त्यामुळे फॉरवर्डचं सगळं आयुष्य त्या न दिसणाऱ्या रेषेवर जातं. बचावपटूंची फळी पुढे सरकली की ती रेषा सरकते, मागे आली की मागे येते. फॉरवर्डने तिच्यावर उभं राहायचं, आणि मित्राचा पाय चेंडूला लागतो त्याच क्षणी सुटायचं. अर्धा सेकंद आधी सुटला की शिट्टी, अर्धा सेकंद उशिरा सुटला की चेंडू गेला. यात धावण्याचा वेग दुय्यम आहे. आधी हवी थांबण्याची अक्कल.

आता बांधीत ही रेषा कुठून आणायची? बांधी लहान, लांबीला पन्नास पावलं भरली तर खूप. दोन्हीकडे मिळून दहा पोट्टे. ऑफसाइड कोणी धरत नाही, धरून चालणारही नाही. जो चपट्या पायाने खुंटांतून चेंडू काढतो, तीन जणांना चुकवतो, तो राजा. आमची पोट्टी यात खरंच तरबेज आहेत. दोन वीत जागेत वळतात, पाठीवर माणूस असताना चेंडू लपवतात. पण समोर तीस मीटर मोकळी जागा आणि मागून येणारा लांब पास यांचा मेळ कसा घालायचा, हे त्यांनी कधी अनुभवलेलंच नसतं. बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंत तो मेळ अंगात भिनला नाही तर पुढे प्रशिक्षक कितीही ओरडला तरी पाय एक ठोका उशिराच सुटतो.

अनिकेत कोल्हापुरातून पुण्याला गेला तो क्रीडा प्रबोधिनीत. ही राज्य सरकारची निवासी योजना. मुलांना लहान वयात निवडायचं, बालेवाडीसारख्या संकुलात ठेवायचं, शाळा आणि खेळ दोन्ही तिथेच. बालेवाडीचं संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं होतं. निवडीच्या चाचण्या मी मुलांकडून करून घेतल्या आहेत, म्हणून तपशिलाने सांगू शकतो: उंची, वजन, तीस मीटर धाव, दहा मीटरच्या अंतरात मागेपुढे पळण्याची शटल रन, उभ्याने लांब उडी, उभ्याने उंच उडी, मेडिसिन बॉल फेक, लवचीकपणा आणि आठशे मीटर. आमच्या आश्रमशाळेतल्या पोरांना या चाचण्यांची धास्ती नसते. मोह वेचायला पहाटे तीन-चार किलोमीटर चालणारं पोर आठशे मीटरला काय घाबरणार. उंची आणि वजनाच्या रकान्यात मात्र ती मार खातात. आणि चाचणीच्या तक्त्यात ऑफसाइडचा रकाना नसतो, हेही खरं.

माझ्या हाताखालचा एक पोरगा या चाचण्यांत उत्तम उतरला होता. पुढच्या फेरीचं पत्र आलं, ते एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात, तिथून तिसऱ्यात फिरत आमच्यापर्यंत पोचलं तेव्हा चाचणी होऊन चार दिवस झाले होते. वर्ष गेलं. पुढच्या वर्षी त्याचं वय बसेना. आता तो वडशाच्या एका राइस मिलमध्ये हमाली करतो आणि मला भेटला की त्या पत्राबद्दल चकार शब्द काढत नाही. मीच काढतो.

वय बसणं ही गोष्ट अनिकेतच्या बाबतीत नेमकी उलट घडली. ५ डिसेंबर २०१३ रोजी फिफाने २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाचं यजमानपद भारताला दिलं. यजमानाला पात्रता फेरी नसते. वयाची अट होती १ जानेवारी २००० किंवा त्यानंतरचा जन्म. त्या दिवशी अनिकेत तेरा वर्षांचा होता. आठ महिने आधी जन्मला असता तर त्या संघाचं दार त्याच्यासाठी कधीच उघडलं नसतं, मग पाय कितीही चांगला असो. त्या एका पिढीसाठी भारतीय फुटबॉल महासंघाने पैसा ओतला, जर्मन प्रशिक्षक निकोलाय ॲडम आणले, २०१७ मध्ये त्यांच्या जागी पोर्तुगालचे लुईस नॉर्टन द मातोस आले, पोरांना परदेशात नेऊन सामने खेळवले. एकवीस जणांच्या अंतिम संघात आठ मणिपूरचे होते. मराठी नावं दोन: एक अनिकेत, दुसरा बचावफळीतला नमित देशपांडे, जो अमेरिकेत वाढला होता. कोल्हापूरची पेठ आणि अमेरिकेतलं उपनगर, दोन्हीकडे पोराला हिरवं मैदान आणि दर आठवड्याला सामना मिळत होता.

विश्वचषकातले भारताचे तीन सामने दिल्लीच्या नेहरू स्टेडियमवर झाले. ६ ऑक्टोबरला अमेरिकेविरुद्ध ०-३, ९ तारखेला कोलंबियाविरुद्ध १-२, १२ तारखेला घानाविरुद्ध ०-४. या तीन आकड्यांवरून त्या संघाला मोडीत काढणं सोपं आहे. पण अमेरिकेविरुद्ध अन्वर अलीचा फटका आडव्या खांबावर आदळला, आणि तोच चेंडू पलटून अमेरिकेने तिसरा गोल केला. कोलंबियाविरुद्ध राहुल के. पी. चा फटका उभ्या खांबाला लागला. त्याच सामन्यात ८२ व्या मिनिटाला संजीव स्टॅलिनच्या कॉर्नरवर जॅक्सन सिंगने डोक्याने गोल केला. फिफाच्या कुठल्याही विश्वचषकातला भारताचा हा पहिला गोल. अख्खं स्टेडियम उभं होतं, ते खाली बसण्याआधी कोलंबियाने दुसरा गोल ठोकला.

या सगळ्यात फॉरवर्डचं काय झालं, ते बघा. दुबळा संघ बचावासाठी मागे दबतो. दहा जण आपल्या गोलाभोवती आणि एकटा पुढे. त्याच्याकडे चेंडू येतो तो पास म्हणून येत नाही, घाबरून भिरकावलेला येतो. दोन धिप्पाड बचावपटू त्याच्या खांद्याला खांदा लावून उभे. त्याने एकट्याने चेंडू झेलायचा, पाठ वळवून धरून ठेवायचा, मागून कोणी येईपर्यंत तग धरायचा, आणि येणारा तर चाळीस मीटर लांब. स्पर्धेत भारताचा एकमेव गोल कॉर्नरवर मधल्या फळीतल्या पोराने केला, यात नवल नाही. अनिकेतच्या नावावर गोल लागला नाही. सतरा वर्षांच्या पोराला जगासमोर दिलेलं काम गोल करण्याचं नव्हतंच, टिकून राहण्याचं होतं.

गोल पुढच्या महिन्यात आले. विश्वचषकाचा संघ विखुरला जाऊ नये म्हणून महासंघाने ‘इंडियन ॲरोज’ हा २०१३ मध्ये बंद केलेला संघ पुन्हा उभा केला आणि त्याला आय-लीगमध्ये उतरवलं. एकही परदेशी खेळाडू नाही, सगळी विशीच्या आतली पोरं, समोर दाढीमिशावाले व्यावसायिक. पहिला सामना २९ नोव्हेंबर २०१७ ला गोव्यात, चेन्नई सिटीविरुद्ध. ॲरोज ३-० ने जिंकले. त्यातले दोन गोल अनिकेतचे, तिसरा बोरिस सिंगचा. प्रेक्षक मोजके. व्यावसायिक लीगमधल्या पहिल्याच सामन्यात दोन गोल, तेही सतराव्या वर्षी. सव्वा महिन्यापूर्वी याच पोरांना खेळवून काय मिळवलं म्हणून देशभर चर्चा झडत होत्या.

ॲरोज त्या हंगामात दहा संघांत दहावे आले. संघ महासंघाचा, त्यामुळे खाली घसरण्याची भीती नव्हती. हीच त्या प्रयोगाची ताकद होती आणि तेच त्याचं दुखणंही. पोरांना सलग सामने मिळाले. बड्या क्लबात बाकावर बसून जी दोन वर्षं वाया गेली असती ती मैदानात गेली. पण हरलं तरी काही बिघडत नाही अशा संघात फॉरवर्डच्या अंगी एक प्रकारची भूक येत नाही, असं मला राहून राहून वाटतं. २०२२ मध्ये महासंघाने ॲरोज पुन्हा गुंडाळला. त्यातून निघालेले अन्वर अली, जॅक्सन, सुरेश सिंग, राहुल पुढे मोठ्या क्लबांत रुजले, तेव्हा प्रयोग फसला म्हणवत नाही.

२०१९ च्या सुरुवातीला अनिकेत सरावासाठी इंग्लंडला ब्लॅकबर्न रोव्हर्स या क्लबात तीन महिने राहून आला. ब्लॅकबर्न हे लँकेशरमधलं जुनं गिरण्यांचं गाव. त्याच्या क्लबचे मालक २०१० पासून पुण्याचे वेंकीज, म्हणजे आपल्याकडे ज्यांची कोंबडी आणि अंडी ठाऊक आहेत ते. कोल्हापूरचा पोरगा पुण्याच्या कोंबडीवाल्यांच्या इंग्रजी क्लबात, या वाक्यावर आमच्या पारावर पाच मिनिटं हसणं चाललं. तिथल्या पोरांबरोबर त्याने सराव केला आणि परतला. परत आल्यावर त्याच वर्षी इंडियन सुपर लीगमधल्या जमशेदपूर एफसीने त्याला घेतलं.

२९ ऑक्टोबर २०१९, जमशेदपूर विरुद्ध हैदराबाद. जमशेदपूर ३-१ ने जिंकलं, गोल करणारे फारुख चौधरी, अनिकेत जाधव आणि स्पेनचा सर्जिओ कास्टेल. हंगामाची सुरुवात होती, पोरगा एकोणीस वर्षांचा. इथून पुढे आलेख सरळ वर जायला हवा होता. तो गेला नाही, आणि त्याचं कारण एकट्या अनिकेतमध्ये शोधणं अन्यायाचं होईल.

तेव्हाच्या नियमाने सुपर लीगमध्ये एका संघाचे पाच परदेशी खेळाडू मैदानात उतरू शकत. २०२१-२२ पासून ते चार झाले. क्लबचा मालक परदेशी माणसावर पैसे खर्च करतो तेव्हा तो कुठे खेळवतो? जिथे गोल होतात तिथे. २०१४ साली लीग सुरू झाल्यापासून २०२४-२५ पर्यंत सर्वाधिक गोलांचा बहुमान एकाही हंगामात भारतीयाला मिळालेला नाही. एलानो, मेंडोझा, मार्सेलिन्हो, कोरो, वाल्स्किस, अँगुलो, ओग्बेचे, मॉरिसिओ, डायमँटाकोस, अजारी. यादी वाचत जा, देश बदलतात, एक देश येत नाही. २०२४-२५ च्या हंगामात भारतीयांत सर्वाधिक, चौदा गोल केले ते सुनील छेत्रीने. त्याचं वय तेव्हा चाळीस होतं.

म्हणून विशीतल्या भारतीय फॉरवर्डला प्रशिक्षक सांगतो, तू कडेने खेळ. वेग आहे, दम आहे, बाजूने पळ, चेंडू आत टाक, मागे येऊन बचावही कर. मधली जागा परदेशी पाहुण्याची. अनिकेतचंही तेच झालं. तो विंगर झाला. हे काम हलकं नाही, पण वेगळं आहे. कडेला खेळणाऱ्याचं तोंड मैदानाकडे असतं, मधल्या फॉरवर्डची पाठ गोलाकडे. जो पोरगा रोज कडेने खेळतो त्याला ती सरकती रेषा कशी वाचायची याचा सराव राहत नाही. मग देशाचा प्रशिक्षक ओरडतो की मला गोल करणारा द्या, आणि आपण सगळे माना डोलावतो.

२०२१-२२ मध्ये अनिकेत हैदराबादच्या संघात होता. ओग्बेचेने त्या हंगामात अठरा गोल केले. १३ डिसेंबरला नॉर्थईस्टविरुद्ध हैदराबाद ५-१ ने जिंकलं. त्यात दोन गोल ओग्बेचेचे, आणि सामना संपत आला असताना एक अनिकेतचा. करोनामुळे सगळे सामने गोव्यात, रिकाम्या गॅलऱ्यांसमोर. अंतिम सामना २० मार्च २०२२ ला फातोर्ड्यात झाला, केरळ ब्लास्टर्सविरुद्ध, तेव्हा प्रेक्षकांना आत सोडलं होतं. केरळचा गोल राहुल के. पी. ने केला, तोच खांबाला फटका लागलेला विश्वचषकातला जोडीदार. जॅक्सनही समोरच्याच संघात. शेवटच्या मिनिटांत गोव्याच्या साहिल तावोराने बरोबरी केली आणि पेनल्टींवर गोलकीपर लक्ष्मीकांत कट्टीमनीने हैदराबादला विजेतेपद मिळवून दिलं. त्याच आठवड्यात बहारीनच्या दौऱ्यासाठी निवडलेल्या वरिष्ठ राष्ट्रीय संघात अनिकेतचं नाव होतं. एकविसाव्या वर्षी विश्वचषक, इंग्लंड, लीगचं विजेतेपद, देशाचा शर्ट, सगळं झालेलं. नव्हती ती फक्त मैदानाच्या मधोमध पुढची एक कायमची जागा.

हे सगळं मी पोट्ट्यांना टप्प्याटप्प्याने सांगत गेलो. त्यांचा पहिला प्रश्न वेगळाच निघाला: जंगलातला कोणी आहे का जी त्या विश्वचषकात? मुलांच्या संघात सांगण्यासारखं उदाहरण मला आठवलं नाही. मुलींचं आठवलं. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला. भारताची कर्णधार होती अस्तम उरांव, झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली आदिवासी मुलगी. स्पर्धा चालू असताना तिच्या गावात रस्ता बांधला जात होता आणि त्यावर तिच्याच आईवडिलांनी मजुरी केली, हे तेव्हा छापून आलं होतं. भारत तिन्ही सामने हरला, अमेरिकेविरुद्ध तर ०-८. पण गुमला आणि गडचिरोलीत फरक कशाचा? जंगल दोन्हीकडे आहे, नक्षलवाद दोन्हीकडे होता. आमच्याच तालुक्यात जांभुळखेड्याजवळ १ मे २०१९ ला स्फोटात पंधरा पोलिसांचा जीव गेला. झारखंडात मात्र शाळांनी, मिशनऱ्यांनी आणि सरकारी वसतिगृहांनी पिढ्यान् पिढ्या हॉकी आणि फुटबॉल लावून धरला. खेळाडू घडवायला जंगल आडवं येत नाही हे आपल्या शेजारच्या चंद्रपुरानेही दाखवलंय. २०१८ च्या मे महिन्यात तिथल्या आश्रमशाळांतली पाच आदिवासी मुलं एव्हरेस्टच्या माथ्यावर उभी होती. त्यांना शोधायला कोणीतरी आश्रमशाळेत गेलं होतं, वर्षभर शिकवलं होतं.

विदर्भातही चेंडू आहे. कामठीत रब्बानी क्लबची परंपरा आहे. नागपुरात विजय बारसे सरांनी फुटकी बादली लाथाडणारी झोपडपट्टीतली पोरं बघून २००१ मध्ये काम सुरू केलं, त्यावर नागराज मंजुळेंचा ‘झुंड’ निघाला. पण नागपूर हे आमच्यासाठी दवाखान्याचं गाव. तिथे जायचं ते कोणी आजारी असलं की. आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्पस्तरीय स्पर्धा होतात, त्यांत कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, हँडबॉल. आमची पोरं त्यांत चमकतात. फुटबॉलचं मैदान मागतं कोण?

आम्ही मागितलं. या जानेवारीत. ज्याच्या दोन बांध्या शेजारीशेजारी होत्या आणि लाखोरी पेरली नव्हती, त्या शेतकऱ्याकडे मी पोट्ट्यांना घेऊन गेलो. सत्तरीतला माणूस, उन्हात बसून दोर वळत होता. दोन्ही बांध्या मिळून मैदान बऱ्यापैकी लांब झालं असतं, फक्त मधला धुरा आडवा येत होता. पोट्ट्यांच्या मनात तो फोडायचं होतं. म्हाताऱ्याने त्यांच्या डोळ्यांतलं ओळखलं. “खेरा ना बापा. पन धुऱ्याले हात लावू नोका.” त्याच्या आज्याने बांधलेला धुरा होता तो.

तेव्हा आम्ही धुरा ठेवून खेळायचं ठरवलं. गुडघ्यालाही न लागणारा, वर दोन पावलं रुंद. तीच मैदानाची अर्धी रेषा. खुंट पोट्ट्यांनी विळ्याने खरवडले, कडेला तणस टाकून रेषा आखल्या, गोलासाठी बांबू रोवले. अकरा-अकरा जमले नाहीत, आठ-आठ जमले. मी शिट्टी घेऊन उभा. पहिल्यांदाच ऑफसाइड धरणार होतो आणि नियम सोपा करून सांगितला: पास निघतो तेव्हा तुम्ही धुऱ्याच्या अलीकडे असाल तर काही हरकत नाही, पलीकडे असाल तर पुढे बचावाला माणूस हवा.

त्यांच्यातला सगळ्यात चपळ, तोच पारावर “कोठचा व्हय” विचारणारा, पहिल्या पंधरा मिनिटांत सहा वेळा ऑफसाइड झाला. चेंडू मागे असतानाच धुऱ्यावरून उडी मारून तो पलीकडे पळायचा आणि शिट्टी वाजली की माझ्याकडे रागाने बघायचा. सातव्या वेळी तो धुऱ्यापाशी आला आणि थांबला. एक पाय खाली अलीकडच्या बांधीत, दुसरा धुऱ्याच्या अलीकडच्या कडेवर टेकवलेला. मान वळवून मागे बघत राहिला. मागे चेंडू दोघांच्या पायांत अडकला होता, ठिगळाच्या बाजूने कलंडत होता, आणि तो तसाच उभा होता, हलला नाही.